वेताळाला दात कुणी लावले?

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. वेताळाला व्हॅम्पायर करणं ही नुसती भाषांतरातली गफलत नाही आणि नुसता बाजारू आळसही नाही. त्यातून एक गुन्हेगार सुटतो. कथेत ज्याच्या हातात शस्त्र होतं तो माणूस नामानिराळा राहतो आणि ज्यानं राजाला वेळेवर सावध केलं ते भूत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. आम्ही वऱ्हाडातली माणसं. आमच्या जिल्ह्यात आजही एखाद्या म्हातारीला ‘करणी करते’ म्हणून मारलं जातं. आम्हाला तरी ही अदलाबदल परवडणारी नाही.

आता निमित्त. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका महाविद्यालयानं घेतलेल्या कथास्पर्धेचा मी एक परीक्षक होतो. विषय होता फँटसी. अकोट, दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर अशा गावांतून कथा आल्या होत्या. पोरं लिहितात चांगली, हे आधी नोंदवतो. युद्धं रंगवतात, नकाशे काढतात, राज्यांच्या वंशावळी तयार करतात. पण वेताळ जिथं जिथं आला तिथं तो एकाच साच्यातून काढल्यासारखा. वटवाघळाचे पंख, दोन सुळे, लाल डोळे. बरं, तो मुख्य खलनायकही नाही. मुख्य खलनायक म्हणजे कुणीतरी अंधाराचा सम्राट. वेताळ त्याचा निरोप्या किंवा पहारेकरी, तिसऱ्या प्रकरणात नायकाच्या तलवारीनं मरायला ठेवलेला. आणि एकाही कथेत तो एक धड वाक्य बोलत नव्हता. नुसता गुरगुरत होता.

ज्याची सगळी ओळखच बोलण्यावर उभी आहे, तो वेताळ मुका! पंचविशीतून त्याचं बोलणं काढून घ्या, मागे काय उरतं? झाडाला लटकलेलं एक प्रेत.

बिनतोंडाची खलनायिका

हा साचा कुठून आला ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. जगभरच्या फँटसी लेखनावर ज्याची सावली आहे त्या टॉल्किनच्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये (त्याच्या मृत्यूनंतर, 1977 साली प्रकाशित) थुरिंगवेथिल नावाची एक व्हॅम्पायर आहे. ती साउरॉनची निरोपी. वटवाघळाच्या रूपात अँगबँडच्या किल्ल्यापर्यंत उडत जायची, पंखांच्या टोकाला लोखंडी नख्या होत्या, एवढीच तिची माहिती. ती बोलत नाही. कथेत तिचा उपयोग एकच: तिची कातडी पांघरून लूथिएन ही नायिका शत्रूच्या गोटात शिरते. म्हणजे खलनायिका म्हणून तिला जे काही मिळालं ते एक नाव आणि एक कातडं.

यात टॉल्किनचा दोष नाही. त्यानं स्वतःच्या हातानं एक अख्खं पुराण रचलं. त्यात कुणाला मधल्या ओळीत ठेवायचं आणि कुणाला शेवटच्या, हा त्याचा अधिकार. थुरिंगवेथिलला त्याच्याआधी कुणी ओळखत नव्हतं, तिच्या नावानं कुठं नारळ फुटत नव्हता. वेताळाचं तसं नाही. त्याला हजार वर्षांची वाचा आहे. नव्या कथांत त्याला थुरिंगवेथिलच्या जागी बसवायचं तर आधी त्याची जीभ कापावी लागते. आमच्याकडे सध्या तेच चाललंय.

दात बर्टनचे

वेताळ आणि व्हॅम्पायर यांची सोयरीक लावून दिली ती रिचर्ड बर्टननं. 1870 साली या इंग्रज प्रवाशाचं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ प्रसिद्ध झालं. पंचवीसपैकी अकराच कथा घेतलेल्या, त्याही मनाला येईल तशा फुलवलेल्या. प्रस्तावनेत वेताळाची ओळख काय, तर प्रचंड वटवाघूळ, व्हॅम्पायर, मढ्यात शिरणारं दुष्ट भूत. यातलं मढ्यात शिरणं तेवढं मूळचं. झाडाला लटकलेलं प्रेत वाचून त्याला वटवाघूळ आठवलं असावं. इंग्रज वाचकाला व्हॅम्पायर तोवर चांगलाच ओळखीचा होता. पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा 1819 सालीच आली होती. तेव्हा बर्टननं खपणारा शब्द निवडला.

गंमत म्हणजे पुढे ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता. हेन्री आयर्व्हिंगच्या आठवणींच्या पुस्तकात त्यानं बर्टनचं वर्णन केलंय, आणि त्यात लक्षात राहण्याजोगी गोष्ट कोणती, तर बोलताना वरचा ओठ उचलला की दिसणारा बर्टनचा सुळा. सुळे त्या साहेबाचे होते. आपण ते उचलून वेताळाच्या तोंडात बसवले.

आणि बर्टनच्या चाळीस वर्षं आधी, 1830 साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. म्हणजे मराठी वाचकाला हा वेताळ साहेबाच्या हातून घ्यायची गरजच नव्हती. पुढे ‘चांदोबा’तल्या शंकर यांच्या चित्रात विक्रमाच्या खांद्यावरचं ते प्रेत आमच्या पिढीनं दर महिन्याला पाहिलं. खांद्यावर मढं, हातात तलवार, मागे कवट्या. भीती वाटायची. पण वाट बघायचो ती कोड्याची. इंद्रजाल कॉमिक्सनं तर ली फॉकच्या फँटमचं मराठी नाव ‘वेताळ’ ठेवलं, आणि अकोल्याच्या बसस्टँडवर आम्ही ते अंक विकत घेतले. तो जांभळ्या कपड्यातला साहेब आणि आपला वेताळ यांचा काही संबंध नाही, हे खरं. तरी नाव ठेवणाऱ्यानं ‘वेताळ’ हा शब्द रक्षणकर्त्यासाठी निवडला आणि तो कुणाला खटकला नाही. त्या शब्दाचं वजन तेव्हा असं होतं.

सुरा कुणाच्या हातात होता?

आता मूळ गोष्टीकडे येऊ, कारण तिचं नाव सगळे घेतात आणि शेवट फार थोड्यांना आठवतो.

सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजाकडे रोज एक भिक्षू येतो, एक फळ देतो आणि निघून जातो. दहा वर्षं हे चालतं. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आतून रत्न निघतं. मग कोठारातली सगळी जुनी फळं तपासतात, प्रत्येकात रत्न. इतकी सेवा का, असं राजा विचारतो. भिक्षू म्हणतो, मला एक साधना पुरी करायची आहे, वीर पुरुषाची मदत हवी. वद्य चतुर्दशीच्या रात्री मसणात या आणि शिसवीच्या झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. अट अशी की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. राजा उत्तर देतो आणि वेताळ परत झाडावर. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा, आई आणि मुलगी यांची लग्नं अशी उलटसुलट होतात की त्यांच्या मुलांचं आपसातलं नातं काय हे राजाला खरोखरच सांगता येत नाही. तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणं प्रामाणिक असतं. तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो: बाबा रे, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला नमस्कार घालणं माहीत नाही, आधी करून दाखवा. तो वाकला की तुझं काम कर.

राजा तसंच करतो. भिक्षूचं मुंडकं उडतं.

म्हणजे पंचविशीत खलनायक आहे, नाही असं नाही. तो सज्जन दिसतो, रोज येतो, भेटवस्तू देतो, गोड बोलतो. त्याचं नावही क्षांतिशील. क्षमा हाच ज्याचा स्वभाव, तो. रक्ताची गरज त्याला आहे. वेताळाला नाही.

कुणी म्हणेल, हा एक अपवाद झाला. जुन्या साहित्यात भुतं मांस खातात, रक्त पितात, त्याचं काय? खातात की. आपल्या विदर्भाचाच दाखला देतो. आठव्या शतकातल्या भवभूतीचं गाव पद्मपूर, वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं, म्हणजे आताच्या गोंदिया जिल्ह्यातलं, असं मांडलं. त्याच्या ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात निराश झालेला माधव मसणात जाऊन भुतांना नरमांस विकायला निघतो. तिथल्या पिशाचांचं वर्णन आजच्या कुठल्याही हॉरर दिग्दर्शकाला लाजवील असं किळसवाणं आहे. पण त्या अंकात मालतीला बळी द्यायला कोण घेऊन येतं? अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला. माणसंच. भुतं सभोवती आहेत, भुकेली आहेत, पण जिवंत मुलीच्या मानेवर शस्त्र धरलंय ते मंत्र म्हणणाऱ्या माणसानं.

सोमदेव काश्मीरचा, भवभूती विदर्भाचा, मध्ये तीन शतकं. दोघांनाही ही गोष्ट पक्की ठाऊक होती. मसणात सगळ्यात धोकादायक प्राणी म्हणजे विधी करायला आलेला माणूस.

चपला झिजवणारा

पुस्तकं बाजूला ठेवू. कोकणात अरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चामडी चपला वाहतात. का, तर तो रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात. गोव्यात आमोणे, लोलये इथं बेताळ ग्रामदैवत आहे. ज्याच्या झिजल्या चपलांची गाव काळजी घेतं, त्याला ‘रक्तपिपासू’ म्हणायचं झालं तर आधी त्या गावाला विचारायला हवं.

आमच्या वऱ्हाडात वेताळाचा एवढा बडेजाव नाही. आमच्याकडे वेशीवर मारोती, शिवेला मरीमाय, विहिरीत आसरा, पिंपळावर मुंजा. माझी आजी दिवेलागणीनंतर यातल्या कुणाचं नाव घेत नसे, ‘बाहेरचं’ म्हणायची. पण मी एकदा विचारलं, “मुंजा पोराहीले धरते म्हन्तात, काहून धरते?” तर म्हणाली, “त्याचं लगन रायलं न बापा. एकटा हाय तो.” इतकंच. भुताच्या वागण्यालाही कारण असतं, आणि ते कारण दुःखाचं असू शकतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

खलनायकाला जागा देण्याची ही रीत आमच्याकडे जुनी आहे. चिखलदऱ्याचं नाव कीचकावरून पडलं असं इथं घरोघरी सांगतात: भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं तो कीचकदरा, आणि रक्ताचे हात धुतले तो भीमकुंड. महाभारतात कीचक हा एका पर्वातला पाहुणा. इथल्या लोकांनी त्याची बाजू घेतली नाही, पण त्याला एक अख्खी दरी दिली.

‘फक्त करमणूक आहे’

हिंदी पडद्यावर गेली काही वर्षं लोककथांतल्या भुतांचं एक सलग विश्व उभं राहतंय. त्यात 2024 चा ‘मुंज्या’ आला, 2025 च्या दिवाळीत ‘थामा’ आला. दोन्हींचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे आपलाच मराठी माणूस. ‘मुंज्या’त निदान त्याची अपुरी इच्छा तरी शिल्लक आहे. ‘थामा’तले बेताळ मात्र सरळसरळ रक्त पिणारी जमात आहेत, रक्तबीजाला संपवण्यासाठी देवीनं निर्माण केलेले. सगळेच दुष्ट नाहीत, नायिकाच बेताळ आहे, हे मान्य. तरी सुळे आहेत, तहान आहे, चावून दुसऱ्याला आपल्यात ओढणं आहे. नाव बेताळ आणि बाकी सगळा सरंजाम ट्रान्सिल्व्हानियाचा. त्याआधी 2020 ची ‘बेताल’ ही नेटफ्लिक्सची मालिका तर कंपनी सरकारच्या मेलेल्या पलटणीपर्यंत जाऊन पोचली. प्रश्न विचारणारा वेताळ यात कुठं आहे?

यावर नेहमीचं उत्तर असं: लोककथा बदलतच असते, प्रत्येक पिढी तिला नवं रूप देते, तुम्ही कोण अडवणारे? बरोबर आहे, मी कुणीच नाही. माझ्या भावना वगैरेही दुखावलेल्या नाहीत. तो धंदा करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. बंदी नको, माफी नको. मी साधा वाचक म्हणून विचारतोय: बदललंत ते काय बदललंत? बदलात काही भर पडली की नुसती काटछाट झाली?

‘तुंबाड’चं उदाहरण घ्या. 2018 च्या त्या सिनेमात हस्तर नावाचा एक शापित देव आहे. कुठल्याही पोथीत नसलेला, कुठल्याही गावात न पुजलेला. बनवणाऱ्यांनी त्याला नवं नाव दिलं, नवी जन्मकथा दिली, भूक दिली आणि त्या भुकेला कारण दिलं. शेवटी प्रेक्षकाला कळतं की हस्तरपेक्षा भयंकर आहे तो त्याच्या लंगोटातली नाणी काढायला पिढ्यान्‌पिढ्या जाणारा माणूस. सोमदेव आणि भवभूतीला कळत होतं तेच या सिनेमाला कळलं. नवं भूत हवं तर असं करावं. आयतं नाव उचलून त्याच्या तोंडात प्लास्टिकचे दात बसवणं ही नवनिर्मिती नव्हे.

मेळघाटात याचं काय होतं

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला तिकडे येतो.

2024 च्या डिसेंबरअखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका आजीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, तिची विटंबना करून धिंड काढली गेली. प्रकरण काही दिवसांनी बाहेर आलं, वर्तमानपत्रांत छापून आलं, मग पुढच्या बातम्यांखाली गेलं.

त्या आजीला मारणाऱ्यांनी हे सिनेमे पाहिले होते असा माझा दावा नाही. करणीचा संशय सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि दवाखाना लांब असणं, पोर दगावणं, शेताचा वाद, म्हातारीचं एकटेपण अशी त्याची कारणं जमिनीवरची आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. गोष्टी आपल्याला संशय कुणावर घ्यायचा हे शिकवतात. जुनी गोष्ट सांगते: विधी मांडून बसलेल्या माणसाकडे बघ, तुला वाकायला कोण सांगतंय ते बघ. नवी गोष्ट सांगते: जो वेगळा दिसतो, जंगलात राहतो, रात्री फिरतो, तो मुळातच राक्षस, त्याला विचारायचं काही नाही, मारायचं. मुका, दातांचा, कारण नसलेला खलनायक ही कल्पना म्हणूनच निरुपद्रवी नाही. ‘तिची बाजू काय’ हा प्रश्न ज्या डोक्यात उठत नाही, ते डोकं अशाच गोष्टींवर पोसलेलं असतं. खलनायक म्हणजे दुसरं काय? ज्याची बाजू ऐकून घ्यायची गरज कुणालाच वाटत नाही, तो.

आपल्या राज्यानं निदान कायद्यात हे नीट ओळखलं आहे. ऑगस्ट 2013 मध्ये नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत शिक्षा कुणाला आहे? भुताला नाही. भूत उतरवतो म्हणून मारणाऱ्याला, करणी केली म्हणून एखाद्याचं जगणं नकोसं करणाऱ्याला, नरबळी देणाऱ्याला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे विधिमंडळानं नेमका क्षांतिशील पकडला. आपले कथाकार मात्र अजून वेताळाच्या मागे मशाली घेऊन धावताहेत.

“म्हणजे तुम्ही वेताळ मानता की काय?” असं एका विवेकवादी मित्रानं मला विचारलं. मानत नाही. वेताळ नाहीच, म्हणून तर त्याला काय बोलू द्यायचं हे सर्वस्वी आपल्या हातात आहे.

आणि प्रश्न विचारून माणसाला जागं करण्याची परंपरा वऱ्हाडाला परकी नाही. शेणगावात जन्मलेला, दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेला डेबू, पुढे गाडगेबाबा झाला. त्यांच्या कीर्तनाची रीत काय होती? ते समोरच्या हजारो लोकांना प्रश्न विचारत. लोक उत्तर देत. त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे, आणि लोकांना कळायच्या आत आपलं कोंबडं-बकरं कापणं, कर्ज काढून सण करणं, देवाला लाच देणं त्यांच्याच तोंडून उघडं पडे. बाबांना वेताळाची उपमा दिली तर काही जण रागावतील. रागावोत. भूतखेतांवर ज्यांनी आयुष्यभर झाडू चालवला, त्यांची पद्धत मात्र पंचविशीतल्या वेताळाचीच होती: ऐकणाऱ्याला गप्प बसू द्यायचं नाही. आमच्या बोलीत ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. वेताळ काय आणि बाबा काय, दोघांचा सगळा जोर या एका शब्दावर.

वेताळाची अट नीट वाचली तर तिच्यात दरारा आहे. उत्तर माहीत नसणाऱ्याला शिक्षा नाही. माहीत असून जो तोंड उघडत नाही, त्याचं डोकं फुटणार. धिंड निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक या दुसऱ्या प्रकारातले असतात. त्यांना ती बाई कोण आहे हे माहीत असतं. तिनं काही केलेलं नाही हेही बहुतेकांना माहीत असतं. अशा वेळी कामाला येईल अशी गोष्ट आपल्याकडे हजार वर्षांपासून आहे, आणि आपण तिच्यातला बोलणारा काढून तिथं चावणारा बसवतोय.

तेव्हा नव्या लेखकांना, पटकथाकारांना एवढंच सांगणं आहे. वेताळ घ्या, खुशाल घ्या. त्याला अमरावतीच्या मॉलमध्ये आणा, नरनाळ्याच्या बुरुजावर बसवा, हवं तर मोबाइलवरून बोलू द्या. पण त्याला बोलू द्या. आणि सुळ्यांची इतकीच हौस असेल, तर ते ज्याच्या तोंडात शोभतात त्याच्याच तोंडात लावा. तो झाडाला लटकलेला नसतो. तो रोज फळ घेऊन येतो.